माणसं उपाशी असताना गाईला पेंड का?

याबेलो, दक्षिण इथिओपिया
डिसेंबर २०२२

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा रेंज गेली आणि तुझं बोलणं अर्धवट राहिलं. लग्नात एका पाहुण्यांनी तुला विचारलं, "तुझी आई तिकडं माणसं उपाशी असताना गुरांना चारा वाटत फिरते म्हणे?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. तुझा आवाज पडला होता. म्हणून आज गोदामातून लवकर परत आले आणि लिहायला बसले.

इथं वर्षाला दोन पावसाळे असतात, आणि ओळीनं पाच हुकले आहेत. इथले बोराना लोक गुरं पाळून जगणारे; त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात फारसं शेत नसतं, बँकेचं पासबुक नसतं. जे काही असतं ते काटेरी कुंपणाच्या वाड्यात उभं असतं. इथं दोन माणसं भेटली की घरच्यांच्या बरोबरीनं गुरांचीही खुशाली विचारतात. आता त्या प्रश्नावर लोक नुसते खाली बघतात.

गेल्या महिन्यात एका वस्तीवर गेलो. एका आजींच्या वाड्यात मोजून सहा गुरं उरली होती. आमच्याकडचा चारा सगळ्यांना पुरणार नसतो, म्हणून आम्ही घरटी दोनच जनावरं निवडायला सांगतो, आणि निवड त्यांच्यावर सोडतो. त्यांच्या मुलानं एका धिप्पाड तांबड्या बैलाकडे हात केला. आजी काही बोलल्या नाहीत. काठी टेकत त्या कोपऱ्यात बसलेल्या एका पांढुरक्या गाईपाशी गेल्या आणि तिच्या वशिंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाईच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. मागं वासरू होतं. आजींच्या नातवाचं दूध त्या गाईवर होतं, आणि ते आटलं होतं.

बसलेली गाय उठवायला पाच माणसं लागली. दोघं शेपटीच्या मुळाशी, दोघं खांद्याला, एकानं पोटाखालून दोर घेतला. उभी राहिली तरी पाय थरथरत होते, म्हणून तिला तसंच धरून ठेवलं. मी पेंडीचं पोतं उसवलं आणि सोनू, माझा हात तिथंच थांबला. ओळखीचा वास! इथं 'नूग' म्हणतात ते तेलबी म्हणजे आपलं कारळंच. त्याचं तेल काढून उरलेली ती पेंड होती. तुझी आजी भाकरीबरोबर कारळ्याची चटणी वाढायची, तो वास इतक्या दूर त्या धुळीत आला.

पोतं समोर असलं तरी हात आखडता घ्यावा लागतो. उपाशी जनावराला एकदम पोटभर खुराक घातला तर पोट बिघडून ते दगावतं. आधी गव्हाचं काड, पाणी, त्यात मूठभर पेंड, मग रोज थोडी थोडी वाढवत न्यायची. आजींना हे मी शिकवायला गेले, तर त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं. पाचव्या दिवशी गाय आपली आपण उठली. पुढं पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा आजींनी मला लाकडी भांडं दाखवलं. तळाशी जेमतेम कपभर दूध होतं. त्या पोराला त्यांनी ते माझ्यासमोर पाजलं.

त्या पाहुण्यांना एवढं सांगितलंस तरी चालेल. इथून पूर्वेला, याच देशाच्या सोमाली प्रांतात यावर अभ्यास झाला आहे. उन्हाळ्यात दुभती जनावरं घराजवळ ठेवून त्यांना चारा दिला, त्या घरांतली लहान मुलं वजनानं टिकून राहिली. धान्याचं पोतं महिनाभर पुरतं आणि संपतं. गाय जगली तर उद्याही दूध देते, परवाही. धान्य नको असं मी कधीच म्हणणार नाही. ते वाटणारे माझे सहकारी दिवसरात्र राबतात. पण गाय गेली तर त्या घराला पुढची कित्येक वर्षं धान्याच्या रांगेतच उभं राहावं लागतं.

या देशानं ते भोगलेलं आहे. १८८७ साली इटालियन सैन्यासाठी तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात (ते आता एरिट्रियात आहे) उतरवलेल्या गुरांबरोबर बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, आली. ती गुरं आपल्या हिंदुस्थानातून आणली होती असं मानतात. दोनतीन वर्षांत इथली बहुतेक गुरं संपली, नांगराला बैल उरले नाहीत, आणि मग माणसं मेली. त्या दुष्काळाची आठवण लोक अजून काढतात. ती बुळकांडी २०११ साली जगातून कायमची गेली. त्यात उन्हात टिकणाऱ्या लशीचा वाटा मोठा, आणि तेवढाच मोठा वाटा अफारसारख्या भागांत ती लस घेऊन पायी फिरलेल्या, गावानंच निवडलेल्या गुराख्यांचा.

अशा माणसांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, तीही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या ठिकाणी, आम्ही जंताची औषधं फुकट वाटली. लोक खूश, आमचा अहवालही छान. त्या गावात एक पशुआरोग्य सेवक होता, पत्र्याच्या खोलीत औषधं ठेवून विकायचा, रात्री-अपरात्री चालत जायचा. फुकट मिळत असताना त्याच्याकडून विकत कोण घेणार? त्यानं दुकान बंद केलं आणि शहरात हमालीला गेला. सहा महिन्यांनी आमचा प्रकल्प संपला, आम्ही निघालो. त्यानंतर तिथं गाय अडली तर धावून जाणारं कोणी उरलं नव्हतं. आता मी चिठ्ठी वाटते. चिठ्ठी घेऊन लोक गावातल्याच सेवकाकडे जातात आणि पैसे आम्ही त्याला देतो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि कधीकधी जनावर वाचवण्यापेक्षा ते वेळेत विकणंच शहाणपणाचं असतं. २००६ साली इथून दक्षिणेला, केनियाच्या सीमेवरच्या मोयालेला व्यापारी आणून सुमारे २०,००० गुरं विकत घ्यायला लावली होती, अंगात मांस होतं तोवर. त्या पैशातून लोकांनी घरात धान्य आणलं आणि उरलेल्या गुरांना चारा. सगळा खेळ वेळेचा आहे. दोन महिने उशीर झाला की त्याच बैलाला कोणी कातड्याचेही पैसे देत नाही.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकावं लागलं नाही. १९७२ च्या दुष्काळात तुझ्या आजोबांनी, आण्णांनी, खिलारी जोडी म्हसवडच्या बाजारात कवडीमोलानं विकली. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. माणसं जगली. पुढच्या वर्षी पाऊस आला, रान ओलं झालं आणि दारात बैल नव्हते. दुसऱ्याची जोडी मागून पेरणी करेपर्यंत वाफसा निघून गेला. आमच्या घरातला दुष्काळ तिथून पुढं सात-आठ वर्षं चालला. यंदा लम्पीत शेजारच्या काकांचा बैल गेला तेव्हा ते गोठ्यात बसून रडले, असं तूच मला सांगितलंस. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत, हेही तूच सांगितलंस.

सुट्टीत म्हसवडला जाशील तेव्हा माझं एक काम कर. संध्याकाळी आण्णा ओट्यावर एकटे असतील तेव्हा शेजारी बस आणि विचार, त्या जोडीची नावं काय होती. मला इतक्या वर्षांत विचारवलं नाही. तुला सांगतील.

तुझी,
आई