मंथरेच्या पदराला वेलदोडे

बडोदे, शनिवार रात्र

प्रिय शशे,

माझं अक्षर पाहून आधी दचकशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत राहिले, तुझे फोनही उचलले नाहीत. शिव्या प्रत्यक्ष भेटीत दे, साठवून ठेव. गुडघे आहेत तसेच, बीपीची गोळी चालू, ह्यांचं मोतीबिंदूचं उरकलं. प्रकृती संपली.

आता ऐक. ताईच्या रेवाने कादंबरी लिहिली आहे. हो, तीच, तुझ्या पैठणीवर आमरस सांडणारी. दिवसभर कंपनीत कोड लिहिते आणि रात्री राक्षस. मराठीत लिहिलीय म्हणून माझा ऊर भरून आला. मग कळलं की ऱ्हस्व-दीर्घ तपासायला फुकटची मावशी हवी होती. चारशेवर पानं आणून टाकली टेबलावर आणि म्हणाली, ‘मावशी, महिनाअखेरीस प्रकाशकाकडे पाठवायचीय.’

गोष्ट उर्मिलेची. तेलुगू बायकांच्या गाण्यांत आहे ना, लक्ष्मणाच्या वाट्याची झोप उर्मिला घेते आणि चौदा वर्षं झोपून राहते, तिथून सुरुवात. रेवाची उर्मिला झोपेत दुसऱ्याच राज्यात जागी होते. तिथे नद्या उलट्या वाहतात, मेलेली माणसं बाजारहाट करतात आणि झोपलेल्या सगळ्या बायका तिथे भेटतात. शशे, सुंदर लिहिलंय गं कार्टीने. लक्ष्मणाने जाताना विचारलंच नाही, नुसतं सांगितलं, ह्यावर दोन पानं आहेत. ती वाचून मी ह्यांना रात्रीचा चहा करून दिला नाही.

हल्ली ह्या प्रकारच्या कादंबऱ्यांचा पूर आलाय. जुनी कथा घ्यायची, कोपऱ्यात उभी असलेली बाई पुढे आणायची, तिला ‘मी’ म्हणून बोलू द्यायचं आणि वर थोडी जादू द्यायची. ब्रॅडलीबाईंनी १९८३ साली आर्थर राजाची गोष्ट त्याच्या सावत्र बहिणीच्या, मॉर्गनच्या बाजूने लिहिली. तोवर ती चेटकीणच होती. ल ग्विनबाईंची लव्हिनिया २००८ सालची. व्हर्जिलच्या महाकाव्यात जिच्या लग्नावरून अख्खं युद्ध पेटतं, तिच्या तोंडी एक वाक्य नाही. वैष्णवी पटेलांची कैकेयी अगदी अलीकडची, २०२२ ची. तिला माणसामाणसांतले बंध धाग्यांसारखे दिसतात आणि ओढताही येतात. रेवाच्या खोलीत ही सगळी चळत आहे. मला जादूचं वावडं नाही. ज्या बाईला कथेने काहीच हातात दिलं नाही, तिला लेखिका दुसऱ्या दाराने काहीतरी देते, एवढंच. तू मात्र नाक मुरडशील. ‘मृत्युंजय’च्या वेळी मुरडलं होतंसच की! मी म्हणाले, बघ, वृषालीला स्वतःचं प्रकरण दिलंय. तू म्हणालीस, ‘दिलंय, पण नवऱ्याबद्दल बोलायला दिलंय.’ त्यावरून आपण नवरात्रापर्यंत बोललो नव्हतो, आणि गरब्यात तुझी चप्पल हरवली म्हणून बोललो. तूच बरोबर होतीस असं अजूनही म्हणणार नाही.

तर रेवाच्या कादंबरीत सगळ्या बायकांना न्याय आहे. कैकेयी शहाणी, शूर्पणखा दिलदार, ताटकेलासुद्धा पूर्वेतिहास. खलनायक कोण? मंथरा. उर्मिलेची झोप तिने लावलेली असते आणि त्या झोपेवर ती जगते. मी म्हटलं, असो, कुणीतरी लागतोच. मग मधल्या प्रकरणात मंथरा पहिल्यांदा नीट दिसते, आणि माझ्या हातातलं लाल पेन तिथेच थांबलं.

तिच्या अंगाला हिंगाचा वास येतो. तांदूळ निवडताना ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत असते. पदराच्या गाठीत मोजून वेलदोडे बांधलेले. पळीने तूप वाढताना ती पळी कढत्या भांड्यात दोनदा झटकते. आणि राजवाड्यातलं तूप कमी होत जातं.

कळलं ना?

रेवाने स्वयंपाकाच्या काकूंना, तुझ्या आईला, पाहिलेलंच नाही. तिच्या जन्माआधीच तुम्ही नाशिकला गेलात. तिला हे सगळं ताईने जेवताना सांगितलंय, ताईला मोठीआईने. आमच्या घरात काकूंची गोष्ट तशीच चालत आली आहे: हाताला चव होती हो, पण तूप टिकायचं नाही. तूप कुठे जायचं ते तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि आबांना ठाऊक होतं. वैद्यांनी बंद केलेलं तूप रात्री अकराला भातावर कोण ओतून घ्यायचं! काकू वाढायच्या आणि सकाळी बोलणी खायच्या, कारण आबांचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामच राहिलं नसतं. आबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण घरात त्यांच्या फोटोला अजून हार असतो. मी तरी हे कुणाला सांगितलंय?

मग मी चवताळून वाल्मीकी काढला. आपल्याच प्राच्यविद्या मंदिराची चिकित्सक आवृत्ती, १९६० ते १९७५ मध्ये निघालेले ते सात खंड. त्यातलं अयोध्याकांड घेऊन बसले. शशे, तू शाळेच्या नाटकात पाठीला माझी उशी बांधून मंथरा केलीस आणि मी समई धरून मुकी उर्मिला, पण आपल्या दोघींनाही मूळ गोष्ट माहीत नव्हती. कैकेयी तिच्या कुबडाची स्तुती करते! म्हणते, तुझ्या ह्या कुबडात बुद्धी, राजविद्या आणि माया राहतात; भरताला राज्य मिळालं की त्यावर सोन्याची माळ घालीन. जादूची कादंबरी लिहिणारीला आणखी काय हवं? कुबडात माया, वाल्मीकीनेच लिहून ठेवलेली. आणि पुढे? शत्रुघ्न तिला फरफटत नेतो, तिचे दागिने जमिनीवर विखुरतात, आणि त्या विखुरलेल्या दागिन्यांमुळे राजवाडा शरदातल्या आकाशासारखा दिसला अशी उपमा येते. मार खाणारी बाई आणि उपमा आकाशाची! भरत सोडवतो, तेही हिला मारल्याचं कळलं तर राम आपल्याशी बोलणार नाही ह्या हिशेबात. त्यानंतर मंथरा कथेतून गायब. काम झालं.

सगळ्यात खुपलं ते वेगळंच. पुढे राम स्वतः भरताला सांगतो की दशरथाने कैकेयीशी लग्न करताना तिच्या बापाला राज्याचं वचन दिलं होतं. म्हणजे सौदा पुरुषांनी आधीच करून ठेवला होता. मंथरेने आठवण दिली आणि नाव तिचं झालं. महाभारतात तर ती ब्रह्मदेवाने पाठवलेली गंधर्वी आहे, तुलसीदासांकडे सरस्वती तिची मती फिरवते. तिचा दुष्टपणासुद्धा तिला स्वतःचा म्हणून ठेवला नाही कुणी. तमिळ रामायण लिहिणाऱ्या कंबनाकडे तेवढं एक कारण सापडतं: लहानपणी रामाने तिच्या कुबडावर मातीचे गोळे मारले होते. ते वाचून तुझी आठवण आली. वाड्यातली पोरं ‘मंथरे, मंथरे’ करायची तेव्हा तू वळून ओ द्यायचीस आणि वर म्हणायचीस, ‘त्या अख्ख्या राजवाड्यात काम करणारी ती एकटीच.’ तेव्हा वय काय आपलं!

मी रेवाला आडून विचारलं. म्हटलं, ॲटवूडबाईंची पेनेलोपी वाचलीस ना, २००५ ची? त्यात राणीच्या बरोबरीने त्या बारा दासी का बोलतात? राणीचा नवरा ओडिसियस घरी येतो, त्या बाराजणींकडून रक्ताने माखलेली बैठक धुऊन घेतो, आणि मग त्याचा मुलगा त्यांना एका दोरावर लटकवतो. ॲटवूडबाई राणीची बाजू मांडतात, पण त्या दासींना तिच्या मानेवरून उतरू देत नाहीत. रेवा म्हणाली, ‘हो मावशी, भारी आहे ते. पण माझ्या गोष्टीत व्हिलन लागतोच ना.’ आणि मोबाइल पाहू लागली. तिचं चुकत नाही गं पूर्ण. तिने जे ऐकलं त्यातून लिहिलं. बायकांची बाजू घेऊन लिहिणारीही घरात जी बाजू ऐकली तिच्यातूनच लिहिते, आणि आमच्या घरात बाजू पाटावर बसणाऱ्यांची होती.

तर आता मी काय करू? सांगितलं तर आबांचं सांगावं लागेल, आणि ताई माझ्याशी वर्षभर बोलणार नाही (ते एका परीने बरंच). नुसतं ‘मंथरा बदल’ म्हटलं तर रेवा हिंग काढून लसूण घालेल. न सांगितलं तर पुस्तक छापलं जाईल, लोक वाचतील, म्हणतील काय जिवंत पात्र आहे! जिवंत असणारच. मला शुद्धलेखनापलीकडे बोलायचा हक्क आहे की नाही हेही कळत नाही. तुझा आहे. काकूंबद्दल बोलायचा माझ्यापेक्षा तुझाच आहे.

म्हणून ते प्रकरण आणि त्यापुढची मंथरेची सगळी पानं झेरॉक्स करून ह्याच पाकिटात घातली आहेत. रेवाला एवढंच सांगितलंय की एक बाई वाचणार आहेत, त्यांना रामायण पाठ आहे. कोण ते नाही सांगितलं. तुला राग आला तर आधी माझ्यावर काढ, मग पानांवर. तूप झटकण्याचा तपशील काकूंचा नाही असं तुला वाटलं तर तेही कळव. मला खात्री आहे, पण आठवण आहे, कोर्टात टिकेल असं नाही. महिनाअखेर लक्षात ठेव.

तुझ्या सुनेचं बाळंतपण कधी? इथेच बडोद्याला या म्हणाले होते त्यावर तू काहीच बोलली नाहीस. गच्ची गळायची थांबली का? लीलो चेवडो कुणाबरोबर तरी पाठवते, ह्या वेळी साखर कमी घालायला सांगेन. उशीचं मात्र अजून देणं आहे तुझ्याकडे, कापूस पार गेला होता तिचा.

तुझीच,
नीला