चि. मंदारला, अंटार्क्टिकातल्या भारताच्या भारती स्थानकावर

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो मिळाला. खाली एवढंच, ‘ही बारकी हिमनदी, नाव डोल्क.’ चार ओळी जास्त खरडल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? असो. मग मीच शोधत बसले.

बारकी म्हणतोस, पण उपग्रहाच्या नकाशाची प्रिंट काढून शिवणाचा दोरा लावला, तर १५ किलोमीटरच्या आसपास भरली. आपल्याकडून हातखंब्याला जाऊन थोडं पुढे. अर्थात तुमच्या तिथल्या प्रिड्झ उपसागराकडेच बर्फ ढकलणारी दुसरी हिमनदी, लॅम्बर्ट, ४०० किलोमीटरची. तिच्यापुढे ही म्हणजे वहाळच. तुमचं स्थानक आहे त्या लार्समन टेकड्यांना पूर्वेकडून खेटून उतरते आणि समुद्रात शिरली की तिचं तोंड तुटत राहतं. फोटोत ते तुकडे दिसतात, फुटक्या फरशीसारखे, कडांना निळसर.

ती नकाशावर आली फोटोंवरूनच. १९३६-३७ च्या हंगामात लार्स क्रिस्टेन्सेन या नॉर्वेच्या जहाजमालकाच्या मोहिमेने विमानातून हा किनारा टिपला. धंदा व्हेलच्या तेलाचा, तो मला नाही आवडला. त्याची बायको इन्ग्रिडही त्या सफरीवर होती. तुम्ही राहता तो किनारा तिच्याच नावाचा. पुढे नकाशाकारांनी ते फोटो पुढ्यात घेऊन या हिमनदीची रेघ ओढली. मी इथे दोरा घेऊन केलं तेच.

नाव मात्र तिचं स्वतःचं नाही. मुखाशी डोल्क नावाचं बेट आहे, त्यावरून पडलं. एवढी थोरली बाई, आणि ओळख पुढ्यातल्या पोरावरून! मला आळीत ‘मंदारची आई’ म्हणतात तसं.

एक वाचून मात्र पोटात गोळा आला. जानेवारी २०१७ मध्ये रशियाच्या प्रोग्रेस स्थानकाजवळ याच हिमनदीत बर्फाच्या पोटातलं तळं फुटून वाहून गेलं आणि वरचं छत खचलं. खड्डा ४० मीटरच्या आसपास खोल. आपल्या परसातल्या तीन-चार विहिरी एकाखाली एक. वरून सपाट दिसतं म्हणून एकट्याने पुढे जाऊ नकोस. वैतागशील, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आणि हो, ते बेट तुझ्या फोटोत आलेलंच नाही, खिडकीच्या चौकटीने कापलंय. परत त्या बाजूला गेलास तर तेवढं टिपून पाठव.

तुझी,
आई