इंकांची निर्भयता आणि आपली सावड

महोदय,

‘इंका शमन’ पद्धतीने भयमुक्त व शांत जीवन शिकविणाऱ्या एका शिबिराचे पत्रक नुकतेच हाती आले. ‘शमन’ म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारा साधक; हा शब्द मुळात सायबेरियातला. पेरूच्या अँडीज पर्वतात, कुस्को परिसरातील केरो या डोंगरी समाजाच्या वस्त्यांत, अशा साधकाला ‘पाको’ म्हणतात. १५३२ मध्ये स्पॅनिश आक्रमकांनी सम्राट आताहुआल्पाला काहामार्का येथे कैद केले आणि पुढे इंकांचे राज्य कोसळले, तरी ‘आयनी’ ही देवाणघेवाणीची रीत खेड्यांत टिकून राहिली. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. हेच नाते पाचामामा या भूमातेशी व ‘आपू’ या पर्वतदेवांशीही असल्याने ऑगस्टमध्ये भूमीला कोकाची पाने व मक्याचे ‘चिचा’ पेय अर्पण केले जाते. आपली सावड आणि इर्जिक याहून फारशी वेगळी नाही.

२०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी उंबरठ्याशी आले, तेव्हा माझी भीती ओसरली ती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी दार उघडे ठेवल्यामुळे; ध्यानधारणा त्या रात्री सुचलीही नाही. (ध्यानाला माझा विरोध नाही.) आयोजकांनी श्वसनक्रिया अवश्य शिकवाव्यात, मात्र त्यातून आयनी वगळू नये, एवढीच विनंती.

– एक वाचक, सांगली