पानं नका मोजू, बसणं मोजा

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तुम्ही दोघांनी एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारलाय. बाबा, तुम्ही लिहिलंय की पंपांच्या दुरुस्तीवरचं पुस्तक लिहायला घेतलं खरं, पण ते पहिल्याच प्रकरणात अडलंय आणि आता तुमच्याच्यानं होणार नाही. आणि आई, तू पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस की नवी भाषा शिकायला घेतली खरी, पण शब्द डोक्यात राहत नाहीत, वय झालं. दोघांनीही दोष वयावर आणि स्वभावावर ढकलून मोकळं व्हायचं ठरवलंय. मला ते पटत नाही. जिद्द दोघांकडे भरपूर आहे, कामाची मांडणी चुकलीय. ती कशी बदलायची ते सविस्तर लिहिते.

आधी वयाचं बघू, म्हणजे ते एकदाचं बाजूला ठेवता येईल. विचार करण्याचा वेग विशी-तिशीपासूनच हळूहळू उतरत जातो, हे खरं. पण शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली जाण साठीपर्यंत टिकते, बऱ्याचदा वाढते. अमेरिकेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ ते नव्वद वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला पंधरा-एक तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा रजई शिवणं अगदी पहिल्यापासून शिकवलं. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. तेवढाच वेळ नुसत्या गप्पा आणि करमणुकीत घालवणाऱ्यांपेक्षा या शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. म्हणजे वेळ जास्त लागतो, तेवढा द्यायचा. तरुणाला वीस मिनिटं लागतात तिथे चाळीस धरा आणि पुढे चला.

मात्र वयाच्या नावावर खपणाऱ्या दोन गोष्टी खरं तर डोळ्याच्या आणि कानाच्या असतात. साठीत बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर पडलेलं असतं, त्यामुळे विशीतल्या माणसाच्या मानाने डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. छताच्या दिव्यात अर्धा तास वाचून ‘लक्षच लागत नाही’ वाटतं त्याचं एक कारण हे. बाबा, टेबलावर वेगळा दिवा ठेवा, तुमच्या डाव्या बाजूला, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. छापील मजकूर १६ पॉइंटच्या खाली नको. आणि आई, वयानुसार आधी ऐकू येईनासे होतात ते उंच पट्टीतले आवाज, आणि स, श, फ ही व्यंजनं नेमकी त्याच पट्टीत बसतात. आपल्या भाषेत संदर्भावरून मेंदू गाळलेल्या जागा भरतो, नव्या भाषेत भरू शकत नाही. शब्द नीट ऐकूच आला नाही तर राहणार कुठून? धडे हेडफोन लावून ऐक, वेग ०.७५ ठेव, प्रत्येक शब्द लिहिलेला समोर असू दे. एकदा ऑडिओमेट्री करून घे. स्मरणशक्तीला शिव्या देण्याआधी कान तपासलेले बरे.

आता टाळाटाळ. बाबा, हा भाग तुमचा. टाळाटाळ आळसातून येते हा समज इतका घट्ट आहे की माणूस स्वतःला झापत बसतो आणि काम तिथेच राहतं. फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ साली मांडलं की ही वेळेच्या नियोजनाची अडचण कमी आणि मनःस्थितीची जास्त. काम समोर आलं की पोटात काहीतरी ढवळतं: जमेल का, हसं होईल का, कुठून सुरू करू. काम बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. हे हलकं वाटणं बक्षिसासारखं काम करतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं जातं. तुम्ही दिवसभर नळाचे वॉशर बदलता, कपाटं आवरता, म्हणजे आळशी तर नक्कीच नाही.

तेव्हा सुरुवात इतकी लहान करायची की पोटातलं ते जागंच होऊ नये. ‘प्रकरण १: सेंट्रिफ्युगल पंप’ असं पानाच्या डोक्यावर लिहिलं की मन पळणारच. त्याऐवजी पानावर एकच प्रश्न लिहा: पंप चालू आहे पण पाणी येत नाही, आधी काय बघायचं? आणि खाली पाच ओळी. प्रायमिंग (आधी पंपात पाणी भरणं) झालंय का. फूट व्हॉल्व्ह (नळीच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळतोय का. सक्शन लाइन (पाणी खेचणारी नळी) कुठे हवा ओढतेय का. मोटर उलटी फिरतेय का. इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) चोंदलाय का. हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. असे तीसेक प्रश्न झाले की पुस्तकच झालं, प्रकरणांची नावं नंतर देता येतात.

बसायचं कधी, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं, आणि घड्याळावर नको, रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधलेलं हवं. असं वाक्य करा: ‘वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन, वही उघडेन आणि कालचं शेवटचं वाक्य वाचेन.’ पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करेन’ या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलंय. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा असं वाक्य बांधणाऱ्यांची कामं बऱ्यापैकी जास्त पार पडलेली दिसली. यात फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, खूण मोघम असते. ‘सकाळी लिहीन’ ही खूण नाही, सकाळ चार तासांची असते. दुसरं, माणूस उत्साहात एकदम पाच वाक्यं बांधतो: लिहिणं, व्यायाम, प्राणायाम, कपाट, पत्रव्यवहार. मग सगळी एकमेकांच्या पायात येतात. एका वेळी एकच. ते अंगवळणी पडलं की दुसरं.

अंगवळणी पडायला किती दिवस? ‘एकवीस दिवस’ हे तुम्ही ऐकलं असणारच. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ पुढे गळला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर हे प्रत्यक्ष मोजलं तेव्हा आकडा मधोमध ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर काही बिघडलंय असं समजू नका.

तुम्ही दोन महिन्यांत पुस्तक संपवायचं म्हणताय, त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरणं हा जवळपास सगळ्यांचा दोष आहे. १९९४ साली कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. वाईटाचा अंदाजसुद्धा तोकडा पडला, कारण अंदाज करताना माणूस पुढचं चित्र रंगवतो, मागचा हिशोब बघत नाही. तुम्ही तो बघा. पहिले तीन प्रश्न लिहून होऊ द्या आणि प्रत्येकाला किती बैठका लागल्या ते टिपा. समजा लिहायला तीन, आकृतीला एक, तपासायला एक, अशा पाच लागल्या, तर तीस प्रश्नांना दीडशे. आठवड्याला पाच बैठका धरल्या तर तीस आठवडे, म्हणजे सात महिने. हा आकडा आज नकोसा वाटेल, पण दोन महिन्यांनी ‘मी हरलो’ म्हणून वही कपाटात जाण्यापेक्षा बरा.

बैठक पंचवीस मिनिटांची ठेवा, मग पाच मिनिटं उठून फिरा. उठताना वाक्य पूर्ण करायचा मोह टाळा. उद्या पहिलं काय लिहायचं ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

आणि बाबा, ती खाडाखोड. एक वाक्य सहा वेळा बदलता आणि दिवस संपतो. ग्लँड पॅकिंगचं (आईसाठी सांगते: पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती गळती रोखायला ठासलेली दोरी) तुम्हाला सांगायला नको: मिनिटाला चाळीस-साठ थेंब गळू द्यायचे असतात. ते बघवत नाहीत म्हणून कोणी नट आवळत गेला तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टच्या स्लीव्हला, म्हणजे दांड्यावरच्या नळकांड्याला, खाचा पडतात. लिहितानाही थोडं गळू द्या. लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं पान दुरुस्तीसाठी कोरं. लिहिण्याच्या दिवशी डाव्या पानाला हात लावायचा नाही. आठवड्यातला एक दिवस फक्त डाव्या पानांचा. दोन्ही कामं एकत्र केली की लिहिणाऱ्याच्या मानेवर तपासनीस बसतो.

आई, आता तुझे शब्द. विसरणं हा मेंदूचा नेहमीचा कारभार आहे. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत भराभर उडतं, मग उडण्याचा वेग मंदावतो. तू यादी पुन्हा पुन्हा वाचतेस. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि येतोय असा भास होतो, पण ओळखणं निराळं आणि आठवणं निराळं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, आणि परत न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

तर यादी बाजूला ठेव आणि कार्डं कर. एका बाजूला मराठी, मागे नवा शब्द आणि त्याचं एक छोटं वाक्य. रोज नवे सहा, त्याहून जास्त नाही. पाच खोकी किंवा पाच पाकिटं घे. नवं कार्ड पहिल्यात, ते रोज बघायचं. बरोबर आलं की दुसऱ्यात, तीन दिवसांनी. मग तिसऱ्यात आठवड्याने, चौथ्यात पंधरा दिवसांनी, पाचव्यात महिन्याने. चुकलं की थेट पहिल्यात, आणि त्यात अपमान नाही, ती पद्धतच तशी आहे. उत्तर तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं. आठवत नसेल तर दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर थांबायचं आणि मगच कार्ड उलटायचं. इथेच बहुतेक जण घाई करतात, आणि आठवण्याची जी मेहनत उपयोगाची असते तीच निसटते. एका दिवशी बघायची कार्डं चाळीसच्या वर गेली तर नवी बंद, आधी साठलेली उरकायची.

वर्गात बोलायची वेळ आली की छाती धडधडते म्हणतेस. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावू नकोस, धडधडणारी छाती हुकमाने थांबत नाही. उत्सुकतेतही नाडी तशीच चालते, म्हणून ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं मोठ्यांदा म्हण. अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींत हे करून पाहिलं, आणि असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. बाकी शेजारच्या बाकावरच्या पंचविशीतल्या मुलीशी तुलना बंद. तुलना करायचीच तर तुझ्याच महिन्यापूर्वीच्या कार्डांशी कर.

खंड पडेल, दोघांचाही पडेल. पाहुणे येतील, सर्दी होईल. खंडानंतर स्वतःला बोल लावल्याने माणूस सुधारतो असं वाटतं, पण २०१० सालच्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेच्या टाळाटाळीबद्दल स्वतःला माफ केलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. परत सुरू करताना पहिला दिवस फक्त दहा मिनिटांचा ठेवा. राहिलेलं भरून काढायला दोन तास बसाल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा दांडी. आणि एकमेकांना ‘आज केलंस का?’ असं विचारणं बंद करा. बाबा, हे खास तुम्हाला.

एक गोष्ट शिस्तीच्या खात्यात टाकू नका. झोप सात-आठ तास होत नसेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. सर्दी-खाजेच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी उतारवयात स्मरणशक्ती मंदावते, तेव्हा घेत असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या आणि दाखवा. बी-१२ आणि थायरॉइडबद्दलही विचारून घ्या.

भिंतीवर एक कॅलेंडर लावा. बसलात त्या दिवशी एक फुली, मग पान झालेलं असो वा नसो, शब्द आलेले असोत वा नसोत. फोनवर मीही एवढंच विचारणार, किती फुल्या. मात्र दोघांना दोन रंगांची पेनं घ्या, नाहीतर बाबांच्या फुल्या आईच्या खात्यात जमा होतील आणि त्यावरून जो वाद होईल त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

तुमची,
लेक