तूप कडकडीत हवं

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, ऋचाला म्हैसूर पाक खावासा वाटतोय. मी लगेच ‘कुरियरने पाठवतो’ म्हणून मोकळा झालो आणि मग रात्री झोप येईना. तुझ्या वेळी तुझ्या आईलाही हेच डोहाळे लागले होते. तेव्हा कढईपाशी मी उभा राहिलो होतो. आता तू उभा राहा.

तेव्हा आम्ही म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये भाड्याने राहत होतो. बदलीचं गाव, जवळ नात्यातलं कुणी नाही. देवराज मार्केटला लागून सयाजीराव रोड आहे (ते नाव वाचून पहिल्याच दिवशी मला धीर आला होता). तिथे काकासुर मादप्पांच्या वंशजांचं मिठाईचं दुकान आहे. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या मुदपाकखान्यात या मादप्पांनीच म्हैसूर पाक पहिल्यांदा केला, असं गावात सांगतात. मी तिथून दर आठवड्याला पाव किलो आणायचो. खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी एकदा हातातला पुडा बघितला आणि म्हणाल्या, ‘‘बायको गरोदर आहे, घरी करून घाल की. रविवारी ये.’’

एक वाटी ताजं बेसन चाळून घे आणि कोरडंच, मंद आचेवर, कच्चा वास जाईपर्यंत परत. रंग बदलू देऊ नकोस. दीड वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. पाक एकतारी. अज्जी त्याला ‘ओंदेळे’ म्हणायच्या, अंगठा आणि बोटामध्ये एक तार उभी राहिली की झालं. मग बेसन थोडं थोडं घालत ढवळत राहा, गुठळी होता कामा नये.

आणि शेजारच्या शेगडीवर दोन वाट्या साजूक तूप. सगळी गोम इथे आहे. पळीभर तूप बेसनावर पडलं की चर्र आवाज होऊन फेस वर आला पाहिजे. त्या उष्णतेनंच पीठ फुलतं आणि जाळी पडते. पहिल्या रविवारी मी गॅस वाचवायला तुपाखालची शेगडी बंद केली. तूप कोमट झालं, पिठानं ते मुकाट्यानं पिऊन टाकलं आणि ताटात साबणासारखी घट्ट लादी बसली. तुझ्या आईनं ती दुधात कुस्करून खाल्ली. पुढच्या रविवारी अज्जींनी मला डोळे मिटून नुसतं ऐकायला लावलं. आवाज बसला की तूप थंड झालं. तेवढं एक ऐकायला शिकलास की बाकी सोपं आहे.

पळी-पळीनं तूप घालत राहा, हात थांबवू नकोस. मिश्रण कढईच्या कडा सोडतं, जाळी दिसते, कडेनं तूप सुटायला लागतं. अज्जी म्हणायच्या, ‘हद बंतु’, म्हणजे नेमकं जमून आलं. तिथून पुढे अर्धं मिनिट जास्त झालं तरी भुगा होतो. त्यामुळे तूप लावलेला खोल डबा आधीच हाताशी ठेव, लगेच ओत आणि अजिबात थापू नकोस. थापलं की जाळी मिटते. गरम असतानाच सुरीनं रेघा मार.

हल्ली लोण्यासारखा मऊ प्रकार सगळीकडे मिळतो. लोकांना आवडतो, आवडू दे. मला मात्र दाताखाली आधी कुरकुरणारा आणि मग विरघळणाराच खरा वाटतो.

वडी आडवी मोडलीस तर वर-खाली पिवळी आणि मधे तांबूस पट्टा दिसेल. मधला भाग उशिरा निवतो, आतल्या आत आणखी शिजतो, म्हणून तो रंग. डब्याच्या मधोमधची वडी सगळ्यात खमंग असते, ती ऋचाला दे. तिला गॅसपाशी येऊ देऊ नकोस, तूप उडतं. आणि कितीही मागितली तरी दिवसाला एकच, साखरेचं डॉक्टरांना विचारून घे.

झाला की एक वडी मोडून फोटो पाठव. मला जाळी बघायची आहे.

तुझे
बाबा