सोनूच्या हातावरचा डाग

सातारा

चि. सौ. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सोनूच्या हातावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल विचारलंस, तेव्हा तुझा आवाज बदललेला मला कळला. तेवढ्यात तुझ्या आईने फोन घेतला आणि बोलणं फराळाच्या डब्यांवर गेलं. म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांना तिरंदाजी शिकायला मैदानावर नेलं होतं, तिथे हा डाग माझ्या चुकीने पडला. डाव्या हातात धनुष्य धरलं की कोपर जरा बाहेर वळवावं लागतं. ते आत राहिलं तर बाण सुटताना दोरी हाताच्या आतल्या बाजूला सपकन बसते. त्यासाठीच आर्मगार्ड, म्हणजे हाताला जपणारा पट्टा, बांधतात. सोनूला ते काचत होतं, म्हणून पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी सैल केलं आणि पुन्हा आवळायचं राहून गेलं. पुढच्याच बाणाला दोरी लागली. पोर रडलं नाही. नुसता हात झटकला आणि माझ्याकडे पाहिलं. शिकवणाऱ्या सरांनी बर्फ लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, पट्टा सैल करायचा तर धनुष्य आधी खाली ठेवायचं." हे त्याच संध्याकाळी तुला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

पण म्हणून तू "आता तिरंदाजी नको" म्हणालीस, ते मनाला लागलं. तिथे काय घडलं ते तू पाहिलेलं नाहीस.

मैदानावर पहिला अर्धा तास धनुष्याला हातच लावू दिला नाही. आधी शिट्ट्या शिकवल्या. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. पाच वाजल्या की असशील तसं थांबायचं. बाण आणायलासुद्धा चालतच जायचं, पळायचं नाही. उपटताना एक हात टार्गेटवर दाबून धरायचा आणि मागे कोणी उभं नाही ना ते आधी बघायचं. बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, कारण बाणात जाणारा जोर मग धनुष्यातच राहतो आणि धनुष्य तडकतं. घरी चप्पल जागेवर न ठेवणारी तुझी दोन्ही मुलं तिथे रेषेमागे मुकाट उभी होती. मी डोळ्यांनी पाहिलं.

मुलांना 10 पौंडांचं धनुष्य दिलं, म्हणजे पूर्ण ओढलं तर साधारण साडेचार किलोचा जोर. टार्गेट मोठ्यांचंच होतं, 122 सेंटिमीटरचं, फक्त दहा पावलांवर लावलेलं. ऑलिंपिकमध्ये तेच 70 मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ आपल्या बशीपेक्षाही लहान. सोनूने विचारलं, तिथे आपल्याकडचं कोणी गेलंय का. मी त्याला फलटणजवळच्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियोला खेळले ते सांगितलं. आणि आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेही. ती कंपाउंड धनुष्य वापरते, त्याला चाकं असतात, हे ऐकून आता त्याला चाकांचं धनुष्य हवंय.

दोरी तीन बोटांनी ओढायची, एक बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा मोकळाच राहतो. हे बघून सोनू एकदम थांबला. म्हणाला, "आजोबा, म्हणजे एकलव्याला अंगठ्याशिवायही येईल की!" मी त्याला सांगितलं की जुन्या काळी अंगठ्यानेही दोरी ओढत. तरी परत येताना रिक्षात तो बराच वेळ आपला अंगठा बघत बसला होता.

आता चिमीचं. तिचा प्रत्येक बाण डावीकडे जात होता. एकही मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या जवळ नाही. सहावा बाण गवतात गेला तेव्हा ओठ थरथरायला लागले. मी म्हटलं, राहू दे बाळा, दमलीस. सरांनी मला थांबवलं. तिला दोन्ही हातांच्या बोटांची त्रिकोणी खिडकी करायला लावली, त्यातून लांबचा दिव्याचा खांब बघ म्हणाले आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला तर खांब जागेवर, डावा मिटला की खांब गायब. म्हणजे पोरगी उजव्या हाताने लिहिते, पण नेम धरणारा डोळा डावा. मग डावखुऱ्यांचं धनुष्य आणलं. ते उजव्या हातात धरायचं आणि डाव्याने ओढायचं. पहिले दोन बाण कुठेही गेले. तिसरा पिवळ्यालगतच्या लाल रंगात घुसला. ती ओरडली नाही, उडीही मारली नाही. हळूच माझा सदरा ओढला आणि बोटाने दाखवलं, मी बघितलं की नाही याची खात्री करायला.

माई, मला त्यांना पदकं मिळवायला लावायची नाहीत. मे महिन्यात आठवड्यातून दोन सकाळी, एवढंच माझं मागणं आहे. आर्मगार्ड मी बांधीन आणि सर तपासतील. सोनूचा डाग हळूहळू पिवळा पडून एक-दोन आठवड्यांत जाईल. तोवर चोळू नकोस.

डावखुऱ्यांचं लहान धनुष्य सरांकडे एकच आहे, ते चिमीसाठी ठेवायला सांगू का, तेवढं कळव. आणि तूही त्रिकोण करून बघ. लहानपणी जत्रेतून आणलेल्या शोभादर्शकात तू नेहमी डावा डोळा लावायचीस, ते मला काल रात्री आठवलं.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझे,
नाना