किल्ली देण्याआधी

ठाणे,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबांनी विचारले होते की, गाडीच्या पॉलिसीचे नूतनीकरण 27 तारखेला आहे, तर या खेपेला माझे, यांचे आणि शेजारच्या मास्तरांचे नाव तीत घालून घ्यावे का, म्हणजे गाडी कोणीही चालवली तरी प्रश्न येणार नाही. तेवढ्यात दारात कोणी आले आणि विषय तिथेच राहिला. बाबा कागदावर लिहिलेलेच प्रमाण मानतात, म्हणून फोन न करता पत्र लिहीत आहे.

नावे घालण्याची गरज नाही. इंग्लंडातल्या मामेभावाने जे सांगितले ते तिथल्यापुरते खरे आहे. तिकडे गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावे पॉलिसीत नोंदवतात आणि त्यांचे वय व अनुभव पाहून हप्ता ठरवतात. आपल्याकडे विमा गाडीबरोबर चालतो. तुमच्या पॉलिसीच्या कागदांत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ या मथळ्याखाली बारीक टायपात चार ओळी आहेत, त्या भिंगाखाली धरून वाचा: विमाधारकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याजवळ वैध परवाना असला पाहिजे आणि परवाना धारण करण्यास ती अपात्र ठरवलेली नसावी. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठीच्या विम्याचा, हप्ताही चालकावर अवलंबून नाही. आपल्या 1197 सीसीच्या गाडीसाठी तो जून 2022 च्या अधिसूचनेनुसार वर्षाला 3,416 रुपये आहे, मग चाक तुमच्या हाती असो की माझ्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये तुम्ही दोघे माझ्याकडे होता आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वाढतच होते, तेव्हा मास्तरांनी गावभागातून तुमची गाडी रात्रीतून विश्रामबागेत नेऊन लावली. पुढे पाणी 57 फुटांच्या वर गेले; गाडी अंगणातच राहिली असती तर इंजिनात पाणी शिरले असते. त्या रात्री वाटेत त्यांच्याकडून काही लागले-खरचटले असते, तरी पॉलिसीत त्यांचे नाव नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता आला नसता, कारण त्यांचा परवाना चालू होता. तेव्हा दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवण्याची तुमची पद्धत योग्यच आहे. फक्त त्यांच्या परवान्याचा एक फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या.

फोटोचा आग्रह मी उगाच धरत नाही. माझ्या एका मैत्रिणीची गाडी तिच्या दिराने मागे घेताना सोसायटीच्या खांबावर घातली. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला आला, त्याने खांब पाहिला नाही, मागचा चेपलेला दरवाजाही नंतर पाहिला. आधी विचारले, चालवत कोण होते आणि परवाना दाखवा. परवान्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. दावा नामंजूर झाला आणि दुरुस्तीचे 43,000 रुपये तिने स्वतः भरले. दिराऐवजी नवऱ्याचे नाव फॉर्मवर लिहायला हवे होते, असे नंतर घरात कोणी तरी म्हणालेसुद्धा. आपल्या घरात असला सल्ला निघाला तर तो ऐकू नका. खोटी माहिती देणे ही दावा फेटाळण्याची आणखी एक सबळ सबब होते, आणि समोरचा माणूस जखमी झाला असेल तर प्रकरण पोलिसांपर्यंत आधीच गेलेले असते.

परवाना कोणत्या वर्गाचा आहे हेही पाहावे लागते. मामांचा धाकटा गेल्या दिवाळीत मोठ्या ऐटीने परवाना दाखवत होता आणि आईने त्याला किल्ली दिलीही होती. मी कार्ड उलटून पाहिले, तर वाहनांच्या रकान्यात फक्त दुचाकीची नोंद होती, ‘एलएमव्ही’, म्हणजे हलके मोटार वाहन, कुठेच नव्हते. आई, त्याने तुला फसवले असे मी म्हणत नाही, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावे. पण मोटारीच्या विम्याच्या दृष्टीने तो त्या दिवशी विनापरवाना होता. अशा वेळी अपघातात कोणी जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून, म्हणजे बाबांकडून, वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या एका निकालात मालकाने परवान्याबाबत वाजवी काळजी घेतली होती की नाही, या मुद्द्याला मोठे वजन दिलेले आहे. फोटो ठेवायला सांगते आहे तो यासाठीच. शिवाय विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला 5,000 रुपयांचा दंड वेगळाच.

आणि बाबा, या सगळ्यांत ज्यांचा परवाना कोणी पाहिलाच नव्हता, ते तुम्ही. गेल्या महिन्यात तुमच्या डिजिलॉकरमध्ये आर.सी. (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) घालून देताना माझ्या लक्षात आले की तुमच्या परवान्याची मुदत पुढच्या महिन्याच्या 9 तारखेला संपते. तुम्ही म्हणाल, महिनाभराची सवलत असते. होती, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो आणि संपल्यावर वर्षभरात केला तरी नूतनीकरण होते, पण मधल्या दिवसांत परवाना वैध नसतो. म्हणजे 10 तारखेला सकाळी तुम्ही गणपती मंदिरापर्यंत गाडी नेलीत, तर मास्तरांना, मला, यांना विमा लागू असेल आणि ज्यांच्या नावावर पॉलिसी आहे त्यांना मात्र नसेल. मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही मालकाकडे वैध परवाना असेल तरच मिळते.

नूतनीकरणाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नमुना 1-अ, जोडावे लागते. मिरजेला डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा तुम्हाला त्रास होतो, हे तुम्ही मला सांगितलेले नाही, आईने सांगितले आहे. तिच्यावर रागावू नका. डॉक्टर जे लिहून देतील ते मान्य करावे, एवढीच माझी विनंती आहे. ‘चालवायला हरकत नाही’ असे ते म्हणाले तर उत्तमच. नाही म्हणाले, तरी गाडी तुमच्याच नावावर, तुमच्याच अंगणात राहू शकते. गाडीचा मालक असायला किंवा तिचा विमा उतरवायला परवाना लागत नाही.

म्हणूनच, ‘गाडी तुझ्या नावावर करून टाकू’ हे जे तुम्ही म्हणालात, ते मला पटत नाही. पाच वर्षे एकही दावा न केल्याने तुम्हाला हप्त्यातल्या, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीच्या भागावर 50 टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. तो गाडीचा नसून तुमचा आहे, गाडीबरोबर माझ्याकडे येणार नाही. शिवाय आर.सी.वर माझे नाव आणि पॉलिसीवर तुमचे, अशी अवस्था काही दिवस जरी राहिली आणि पॉलिसी 14 दिवसांत माझ्या नावावर करून घ्यायची राहून गेली, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. हाच बोनस डोळ्यांसमोर ठेवून एक सांगते: कोणाच्याही हातून लहानसा ओरखडा आला तर दावा करू नका. पहिले 1,000 रुपये तसेही आपल्याच खिशातून जातात आणि चूक मास्तरांची असली तरी बोनस तुमचाच जातो.

काकांचे मात्र तुम्हालाच पाहावे लागेल. तासगावहून बेदाण्याचे बॉक्स मागच्या सीटवर भरून ते व्यापाऱ्याकडे नेतात, हे प्रेमाने चालले आहे हे मला कळते. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत स्वतःचे सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक बसत नाही. भाडे घेऊन प्रवासी नेणेही बसत नाही. आत्याच्या थोरल्याने पुण्याला जाताना माणशी पैसे घेऊन चार जण भरण्याची टूम काढली आहे, त्याला किल्ली देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा चालवायला चांगला आहे, परवानाही पक्का आहे, पण इथे अडचण परवान्याची नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी दर पंधरवड्याला मिरजेला जाताना तुम्ही रोजंदारीवर ड्रायव्हर बोलावता. त्याच्यासाठी ‘पगारी चालकाप्रति कायदेशीर दायित्व’ हे संरक्षण नूतनीकरणात आवर्जून घ्या. त्याला 50 रुपये पडतात आणि दरवर्षी कोणी तरी ते वाचवण्याचा सल्ला देतो. गाडीत बसणाऱ्यांसाठी माणशी 2 लाखांपर्यंतचे अनामिक प्रवाशांचे अपघात संरक्षणही घेऊ. मी चालवत असताना तुमचे 15 लाखांचे संरक्षण मला लागू होत नाही, पण माझी स्वतःची अपघात पॉलिसी आहे, त्याची काळजी नको. इंजिन संरक्षणाचा पर्याय मी पुरामुळे ठेवायला सांगेन. गावभागात राहून तो नको म्हणता येणार नाही.

मी शुक्रवारी रात्रीच्या रेल्वेने निघत आहे. शनिवारी सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ, दुपारी परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरू आणि मग पॉलिसीचे पाहू. जुनी पॉलिसी, आर.सी. आणि परवाना एका पिशवीत काढून ठेवा. स्टेशनवर मला घ्यायला बाबांनी येऊ नये, अंधार असेल; मास्तरांना सांगा किंवा मी रिक्षा करीन.

तुमची लेक